टॅबवर एक नाव, शोधात दुसरंच

समजा, एका दिवाळी अंकाचं संकेतस्थळ आहे. चाळीस लेख-कथा, प्रत्येकाचं स्वतंत्र पान. वाचक कथा उघडतो तेव्हा ब्राउझरच्या टॅबवर त्या कथेचं नाव व्यवस्थित दिसतं. संपादकांनी तेवढं तपासलं आणि ते निर्धास्त झाले. मग कुणीतरी एका कथेची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवतं, तर खालच्या चौकटीत कथेच्या नावाऐवजी नुसतं अंकाचं नाव उमटतं. दुसरी कथा पाठवली, तरी तेच. गूगलवर शोधावं तर काही कथा आपापल्या नावाने सापडतात, काही अंकाच्या नावाने, आणि बिंगवर चित्र आणखी वेगळं. ज्या लेखिकेची कथा तिच्या नावाने सापडतच नाही, तिच्या दृष्टीने ती कथा छापूनही न छापल्यासारखीच.

इथे कुणी टंकलेखनात चूक केलेली नाही. सर्व्हरने चाळीसही पानांसाठी एकच सांगाडा पाठवला, त्यावर अंकाचं नाव शीर्षक म्हणून होतं, आणि तो सांगाडा वाचकाच्या ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर जावास्क्रिप्टने ते पुसून कथेचं नाव लिहिलं. म्हणजे पान एकच, पण त्याला शीर्षकं दोन: एक सर्व्हरकडून आलेलं, दुसरं स्क्रिप्टने नंतर चढवलेलं. शोधयंत्र यातलं कोणतं घेतं, हा प्रश्न गेली वीस वर्षं विचारला जातोय आणि त्याचं उत्तर या काळात बऱ्याचदा बदललं आहे. जुनी उत्तरं आजही सल्ले म्हणून फिरत असतात, म्हणून हा सगळा प्रवास एकदा नीट पाहायला हवा.

जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केली. पानावर थोडी हालचाल असावी, अर्ज भरताना तपासणी व्हावी, एवढ्यापुरती ती सुरुवातीची वर्षं वापरली गेली. शोधयंत्रांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि देण्याची गरजही नव्हती, कारण मजकूर सर्व्हरकडूनच तयार होऊन येत असे. जीमेल आणि गूगल मॅप्सने हे बदललं. पान पुन्हा न उघडता आतला मजकूर बदलण्याच्या या पद्धतीला जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव दिलं आणि बघता बघता साध्या वाचनाची संकेतस्थळंही तशी बांधली जाऊ लागली. शोधयंत्राच्या हाती मात्र रिकामा सांगाडा लागायचा.

यावर गूगलने २००९ मध्ये एक तोडगा सुचवला. पत्त्यात हॅशचं चिन्ह आणि त्यापुढे उद्गारचिन्ह असेल तर गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करणारा प्रोग्राम, तो पत्ता एका ठरावीक रीतीने बदलून सर्व्हरला विचारेल आणि सर्व्हरने त्याला तयार, शीर्षकासकट भरलेली प्रत द्यायची. ट्विटरने आणि गॉकर या माध्यमसमूहाच्या संकेतस्थळांनी असे पत्ते वापरले. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकरच्या स्क्रिप्टमध्ये बिघाड झाला आणि त्यांची संकेतस्थळं कोरी दिसू लागली. मजकूर सर्व्हरवर सुखरूप होता, पण तो दाखवायचं काम स्क्रिप्टवर सोपवलं होतं. ट्विटरने २०१२ मध्ये पहिलं पान पुन्हा सर्व्हरवरच तयार करायला सुरुवात केली. हॅश आणि उद्गारचिन्हाच्या पत्त्यांची आपली शिफारस गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये मागे घेतली.

दरम्यान ब्राउझरांनी एक सोय दिली होती: पान नव्याने न मागवता पत्ता बदलण्याची. या सोयीची रचना पाहिली तर आजच्या गोंधळाचं एक मूळ सापडतं. पत्ता बदलणाऱ्या त्या आज्ञेत नव्या शीर्षकासाठीही जागा ठेवलेली होती. पत्ता आणि शीर्षक एका हालचालीत, बरोबरीने बदलावेत, अशी ती कल्पना. पण जवळपास सगळ्या ब्राउझरांनी त्या जागेकडे दुर्लक्ष केलं आणि आता प्रमाणित नियमावलीत त्या जागेचं नावच ‘न वापरलेली’ असं आहे. पत्ता आपोआप बदलतो, शीर्षक बदलायचं प्रोग्रामरने लक्षात ठेवायचं. ते राहून गेलं की पत्ता तिसऱ्या कथेचा आणि शीर्षक दुसऱ्या कथेचं अशी स्थिती होते. वाचक पान वाचत असतो, टॅबकडे कुणी पाहत नाही, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने टिकते.

गूगलने मे २०१४ मध्ये जाहीर केलं की आपण आता पानांवरची स्क्रिप्ट चालवून पाहतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळचालकांना सांगण्यात आलं की स्क्रिप्टच्या आणि सजावटीच्या फायली क्रॉलरपासून अडवू नका. पुढच्या वर्षी अ‍ॅडम ऑडेट यांनी ‘सर्च इंजिन लँड’वर आपल्या गटाच्या चाचण्या मांडल्या. त्यात स्क्रिप्टने घातलेली शीर्षकं गूगलने वाचली आणि निर्देशात, म्हणजे शोधासाठीच्या आपल्या नोंदीत, घेतली, असं स्पष्ट दिसलं. त्याच चाचण्यांतली आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. एखाद्या लिंकवर ‘हिच्या मागे जाऊ नको’ ही खूण मूळ मजकुरात असली तर गूगलने ती पाळली. तीच खूण स्क्रिप्टने नंतर लावली तर तिचा उपयोग झाला नाही, कारण तोवर लिंक वाचून झालेली होती. स्क्रिप्ट वाचता येते का, एवढ्यावर भागत नाही. ती कधी वाचली जाते, हे तितकंच महत्त्वाचं.

हा ‘कधी’चा मुद्दा २०१८ च्या गूगल आय/ओ परिषदेत उघडपणे मांडला गेला. गूगलच्या जॉन म्यूलर आणि टॉम ग्रीनअवे यांनी सांगितलं की पानाचं काम दोन फेऱ्यांत होतं. आधी सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर वाचला जातो, आणि स्क्रिप्ट चालवून पान पूर्ण उभं करणं, म्हणजे रेंडरिंग, हे यंत्रांना सवड मिळेल तेव्हा होतं. म्हणजे पहिल्या फेरीत अंकाचं नाव, दुसऱ्या फेरीनंतर कथेचं नाव. शिवाय गूगल त्यासाठी क्रोमची ४१ वी आवृत्ती वापरत होतं, जी तेव्हाच तीन वर्षं जुनी होती. नव्या पद्धतीने लिहिलेली स्क्रिप्ट तिथे मध्येच अडकायची आणि शीर्षक बदलायचंच राहायचं. मे २०१९ मध्ये ही अडचण दूर झाली. गूगलचा क्रॉलर, म्हणजे गूगलबॉट, क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या ७४ व्या आवृत्तीवर आला आणि तेव्हापासून तो ताज्या क्रोमच्या बरोबरीने अद्ययावत होत राहतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने सांगितलं की रेंडरिंगसाठी थांबण्याचा मध्यक काळ पाच सेकंदांवर आला आहे. व्हर्सेल आणि मर्ज या कंपन्यांनी २०२४ मध्ये ३७ हजारांहून अधिक पानांची नोंद तपासली. निम्मी पानं सुमारे १० सेकंदांत रेंडर झाली होती, ९० टक्के सुमारे तीन तासांत, ९९ टक्के सुमारे १८ तासांत. ही नीट बांधलेल्या, वेगवान संकेतस्थळाची आकडेवारी आहे. ती जशीच्या तशी एखाद्या स्वस्त सर्व्हरवरच्या जड संकेतस्थळाला लावू नये.

तर आजचं थोडक्यात उत्तर असं: स्क्रिप्टने बदललेलं शीर्षक गूगल वाचतं. ‘शीर्षक आणि पानाचं वर्णन जावास्क्रिप्टने ठरवता येतं’ असं त्यांच्या मार्गदर्शिकेतही लिहिलेलं आहे. पण ‘वाचतं’ या क्रियापदामागे बऱ्याच अटी आहेत.

गूगलबॉट पान उघडतो तो दरवेळी नव्या, अनोळखी वाचकासारखा. आधीच्या भेटीतल्या कुकी आणि ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती तो पुढच्या पानावर नेत नाही. तो बटण दाबत नाही, पान खाली सरकवत नाही, परवानगी मागितली तर नाकारतो. मग पान उभं राहतं, आणि त्या क्षणी जे शीर्षक असेल त्याची नोंद होते. क्रिकेटच्या धावफलकाचं पान घ्या. शीर्षकातली धावसंख्या दर षटकाला बदलते. टॅबवर ती पाहायला चाहत्याला आवडतंही. शोधात मात्र एका क्षणाची धावसंख्या गोठून बसते आणि सामना संपला तरी, पुढची भेट होईपर्यंत, तीच दिसत राहू शकते. काही दुकानं आलेल्या प्रत्येकाला टॅबवर ‘(१) नवा संदेश’ असं खोटंच दाखवतात. असं शीर्षक नोंदीत गेलं तर तो आकडा शोधातही त्या दुकानाच्या नावाला चिकटतो.

आणखी एक सापळा फायली अडवण्याचा. कथेचं नाव स्क्रिप्ट ज्या ठिकाणाहून मागवते, ते ठिकाणच क्रॉलरसाठी बंद करून ठेवलेलं असतं. बऱ्याचदा सुरक्षेच्या चांगल्या हेतूनेच ते केलेलं असतं. वाचकाला नाव मिळतं, गूगलबॉटला मिळत नाही, आणि त्याच्या नोंदीत ‘लोड होत आहे…’ हेच शीर्षक राहतं. मूळ मजकुरात ‘हे पान निर्देशात घेऊ नका’ अशी खूण ठेवून ती स्क्रिप्टने नंतर काढण्याचा मार्ग तर सरळ धोक्याचा, कारण ती खूण दिसली की गूगल रेंडरिंग वगळू शकतं. म्हणजे ती काढणारी स्क्रिप्ट चालायची वेळच येत नाही. गूगल स्क्रिप्टच्या फायली ३० दिवसांपर्यंत आपल्याकडे साठवूनही ठेवतं. शीर्षकाची चूक तुम्ही आज दुरुस्त केली पण फाइलचं नाव तेच ठेवलं, तर जुनी फाइल काही काळ चालू राहू शकते. म्हणून फाइलच्या नावातच मजकुरानुसार बदलणारा भाग ठेवण्याचा सल्ला दिला जातो. टॉम अँथनी यांनी २०१८ मध्ये दाखवलेली एक गोष्टही इथे नोंदवण्यासारखी आहे: गूगलबॉटच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची यादृच्छिक संख्या यादृच्छिक नसते, दरवेळी तीच येते. चिठ्ठी टाकून दोन शीर्षकांपैकी एक दाखवण्याचा प्रयोग चालू असेल, तर वाचकांना दोन्ही दिसतील आणि गूगलला एकच.

एवढं सगळं जमलं तरी गूगल तुमचं शीर्षक तसंच छापेल याची हमी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शोधातली शीर्षकं तयार करण्याची नवी पद्धत जाहीर केली. पानाचं औपचारिक शीर्षक, पानावरचा मुख्य मथळा, मोठ्या अक्षरातला ठळक मजकूर, समाजमाध्यमांसाठी दिलेलं वेगळं शीर्षक, इतरांनी त्या पानाची लिंक देताना वापरलेले शब्द, या सगळ्यांतून ते निवड करतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की ८७ टक्के वेळा औपचारिक शीर्षकच वापरलं जातं. उरलेल्या १३ टक्क्यांत आपल्या दिवाळी अंकाच्या कोड्याचं एक उत्तर दडलेलं असू शकतं. काही कथा बरोबर नावाने दिसल्या, त्या स्क्रिप्टचं शीर्षक वाचल्यामुळे की पानावरच्या मथळ्याने सावरून घेतल्यामुळे, हे शोधाच्या निकालावरून कळत नाही. म्हणून निकाल बरोबर दिसला, म्हणजे सगळं बरोबर आहे, असं मानणं चुकीचं. मला तर ही या विषयातली सर्वात फसवी जागा वाटते.

मराठी पानांचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो आणि तो इंग्रजी पानांपेक्षा गंभीर आहे.

आपल्याकडच्या असंख्य संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात ‘मराठी | इंग्रजी’ असं बटण असतं. बटण दाबलं की स्क्रिप्ट मजकूर बदलते, शीर्षकही बदलते, आणि तुमची पसंती ब्राउझरमध्ये साठवून ठेवते. पत्ता मात्र तोच राहतो. वाचकासाठी ही सोय चांगली आहे. पण गूगलबॉट बटण दाबत नाही आणि साठवलेली पसंती त्याच्याकडे नसते. ब्राउझरच्या भाषेवरून अंदाज बांधणारी स्क्रिप्ट असेल तर तीही फसते, कारण गूगलबॉट पान मागताना भाषेची पसंती सांगतच नाही. मूळ भाषा इंग्रजी ठेवलेली असेल, तर त्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर गूगलसाठी अस्तित्वातच नाही. भाषांतर करणाऱ्यांनी शीर्षकं मनापासून मराठीत घातलेली असतात, शेतकरी किंवा विद्यार्थी मराठीतच शोधत असतो, आणि दोघांची भेट होत नाही. वापर दिसत नाही म्हणून पुढे मराठी विभागावरचा खर्चच कमी केला जातो, हे त्याहून वाईट.

अर्धवट भाषांतराचा प्रकारही सर्रास दिसतो. स्क्रिप्ट मजकूर मराठीत आणते, पण शीर्षकाचा साचा इंग्रजीच राहतो. किंवा शीर्षक रोमन लिपीतल्या मराठीत असतं आणि पान देवनागरीत. जून २०२२ मध्ये गूगलने नेमका हाच प्रकार हाताळणारा बदल जाहीर केला. शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानाच्या मुख्य मजकुराशी जुळत नसेल, तर गूगल मजकुराच्या भाषेतलं शीर्षक शोधून ते दाखवू शकतं. रोमन लिपीत हिंदी लिहिलेलं शीर्षक हा त्यातलाच प्रकार. आपल्या लिप्यांचा प्रश्न त्यांच्या लक्षात आला याचा आनंद आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. पानावर स्वच्छ मराठी मथळा असेल तरच ते सावरून घेईल.

उपाय माहीत असलेला आहे आणि गूगलची मार्गदर्शिकाही तोच सांगते: प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या. मराठी पानाचा पत्ता वेगळा, त्या पत्त्यावर सर्व्हरनेच मराठी शीर्षक पाठवायचं, आणि दोन्ही भाषांची पानं एकमेकांची जोडी आहेत हे सांगणाऱ्या खुणा द्यायच्या. बटण राहू द्या, पण त्याने मजकूर बदलण्याऐवजी दुसऱ्या पत्त्यावर न्यावं. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण मराठी अशी केली की काम झालं, असा एक समज आहे. भाषा ओळखायला गूगल ती खूण वापरत नाही, दिसणारा मजकूर पाहतं. तरी ती खूण बरोबर असायला हवी, पण दुसऱ्या कारणाने: दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडर तिच्यावरून उच्चार ठरवतो. पान उघडताच तो बऱ्याचदा सर्वात आधी शीर्षक वाचून दाखवतो. स्क्रिप्टने पान न बदलता आतला मजकूर बदलला की शीर्षक बदललं तरी ते आपोआप बोललं जात नाही आणि आपण कुठे आलो हे त्या वाचकाला कळत नाही. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ‘पानाला अर्थपूर्ण शीर्षक हवं’ ही अट सर्वात प्राथमिक पातळीवर आहे. शोधासाठी शीर्षकाची एवढी चर्चा होते, या वाचकांसाठी मात्र क्वचितच होते.

गूगलबाहेर पाहिलं तर चित्र अधिक असमान आहे. बिंगचा क्रॉलर बिंगबॉटही ऑक्टोबर २०१९ पासून क्रोमियमवर आधारलेल्या एज ब्राउझरच्या ताज्या आवृत्तीकडे वळला. पण बिंगने आधीपासून सांगितलं आहे की प्रत्येक पानाची प्रत्येक स्क्रिप्ट चालवणं एवढ्या प्रचंड प्रमाणावर कठीण आहे, आणि क्रॉलरला तयार प्रत दिलेली बरी. डकडकगोचे निकाल मोठ्या प्रमाणात बिंगकडून येतात, म्हणजे बिंगला जे दिसलं नाही ते तिथेही सहसा दिसणार नाही. रशियातल्या यांडेक्सने संकेतस्थळचालकालाच स्क्रिप्ट चालवावी की नाही याचा पर्याय दिला आहे. क्रॉलरला वेगळी तयार प्रत देण्याची पद्धत गूगलनेही २०१८ मध्ये सुचवली होती. आता ते तिला तात्पुरता आधार म्हणतात आणि कायमचा उपाय म्हणून ती सुचवत नाहीत. तीत एक नैतिक अटही आहे: क्रॉलरला दिलेलं शीर्षक आणि वाचकाला दिसणारं शीर्षक सारखंच हवं, नाहीतर ती फसवणूक ठरते.

लिंकची चौकट तयार करणारी व्हॉट्सॲप आणि फेसबुक यांची यंत्रणा स्क्रिप्ट चालवत नाही. सर्व्हरकडून जे आलं तेच ती वाचते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी पानं गोळा करणारे क्रॉलर या यादीत नव्याने आले आहेत. व्हर्सेलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार ओपनएआय आणि अँथ्रॉपिक यांचे क्रॉलर स्क्रिप्टच्या फायली कधी कधी उतरवून घेतात, पण चालवत नाहीत. गूगलचं जेमिनी मात्र गूगलबॉटच्याच यंत्रणेवर उभं असल्याने त्याला रेंडर झालेलं पान मिळतं. म्हणजे स्क्रिप्टचा प्रश्न सुटला असं वाटत असतानाच, २००५ च्या गूगलसारखे, फक्त मूळ मजकूर वाचणारे नवे वाचक मोठ्या संख्येने दारात आले आहेत.

संकेतस्थळं बांधणाऱ्या साधनांनाही ही विभागणी मान्य करावी लागली. नेक्स्ट जेएसच्या १५.२ या आवृत्तीत, २०२५ च्या सुरुवातीला, शीर्षक मागाहून पाठवण्याची सोय आली, म्हणजे पान लवकर दिसू लागावं. पण तिच्यातच क्रॉलरचे दोन वर्ग केले आहेत: स्क्रिप्ट चालवू शकणाऱ्यांना शीर्षक मागाहून, आणि फेसबुकच्या क्रॉलरसारख्या न चालवणाऱ्यांना शीर्षक तयार होईपर्यंत पान थांबवून. कुणाला काय द्यायचं याची यादी अशी साधनातच सांभाळावी लागते. बहुतेक मराठी संकेतस्थळांना इतक्या सूक्ष्म कसरतीची गरज नाही. चाळीस कथांची चाळीस पानं अंक प्रसिद्ध होतानाच एकदा तयार करून सर्व्हरवर ठेवली, की प्रत्येकीचं नाव पहिल्याच उत्तरात जातं आणि स्क्रिप्ट फक्त अक्षरं मोठी करण्यासारख्या सोयींपुरती उरते.

संपादकांना हे स्वतः तपासता येतं. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली की सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर दिसतो. त्यात कथेचं नाव शीर्षकाच्या जागी आहे का, हे पाहायचं. गूगलने रेंडर केल्यावर काय दिसलं, ते संकेतस्थळचालकांसाठीच्या सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात पत्ता टाकून पाहता येतं. पूर्वी लोक गूगलने साठवलेली प्रत उघडून पाहत असत. ती सोय २०२४ मध्ये बंद झाली, आणि या कामासाठी ती तशीही दिशाभूल करायची, कारण साठवलेल्या मूळ मजकुरावरची स्क्रिप्ट आपल्याच ब्राउझरमध्ये चालायची.

दुरुस्ती केल्यावर सर्च कन्सोलमधून गूगलला पुन्हा भेट द्यायला सांगता येतं. फेसबुकचं लिंक तपासण्याचं साधन नवं शीर्षक लगेच उचलतं. व्हॉट्सॲपची चौकट मात्र लिंक पाठवणाऱ्याच्या फोनवर, पाठवतानाच तयार होते आणि संदेशाबरोबर जाते. अंकाच्या नावाने आधी पाठवल्या गेलेल्या कथांच्या चौकटी गटागटांत तशाच राहतील. लेखिकेला आपली लिंक नव्याने पाठवावी लागेल.